आग विझल्यानंतरचा खवा

दिवाळीच्या तोंडावर खव्याची बातमी येते ती भेसळीची. अन्न व औषध प्रशासनाचं पथक छापा टाकतं, माल जप्त होतो, आयोडिनचा थेंब पडताच निळा झालेल्या खव्याचा फोटो छापून येतो. पिठाची भेसळ पकडायला सोपी आणि छापायलाही सोपी. त्या गदारोळात एक गोष्ट मागे पडते. पिठाचा खवा गिऱ्हाइकाला फसवतो, पण आजारी पाडणारा खवा शंभर टक्के अस्सल म्हशीच्या दुधाचाही असू शकतो. दूध चोख, जाळ चोख, करणाऱ्याची नियतही चोख, आणि तरी घोटाळा होतो. तो कुठून होतो याचा शोध जगभर गेली चार-पाच दशकं चालू आहे आणि त्याचं बरंचसं उत्तर भांडी, पाइप, फडकी आणि पाट्या यांच्या पृष्ठभागावर सापडलं आहे. धाराशिव जिल्ह्याचं या शोधाशी फार जवळचं नातं आहे.

भूम, वाशी, परंडा, कळंब हा बालाघाटच्या माथ्यावरचा आणि उतारावरचा पट्टा. पाऊस बेभरवशाचा, शेती बरीचशी कोरडवाहू, म्हणून दावणीला म्हशी. दूध थंड ठेवून लांबच्या शहरात पोचवायची सोय नव्हती तेव्हा ते आटवणं हाच व्यवहार होता. म्हशीच्या पाच लिटर दुधाचा साधारण एक किलो खवा होतो. वाहतुकीचं ओझं पाचपट घटतं आणि दूध जिथं काही तासांत नासतं तिथं खवा दोन-तीन दिवस तग धरतो. सरमकुंडी फाट्यावर पेढ्यासाठी गाड्या थांबतात, भूमचा खवा टेम्पोतून आणि ट्रॅव्हल्समधून मोठ्या शहरांत जातो आणि कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणजे हा माल आता नावानिशी ओळखला जातो. नाव झालं की बिघाडही नावानिशी ओळखला जातो, हे मात्र कुणी फारसं बोलून दाखवत नाही.

कढईत काय होतं ते आधी पाहू. दूध उकळत्या अवस्थेत बराच वेळ ढवळलं, खरवडलं जातं. एवढ्या उष्णतेत बहुतेक सगळे जिवंत जिवाणू मरतात. पाश्चरीकरणात दूध ७२ अंशांवर जेमतेम १५ सेकंद धरतात, त्या मानानं भट्टीचा जाळ कितीतरी कडक. उरतात ते बीजाणू, म्हणजे बॅसिलससारख्या जिवाणूंची कवचबंद झोपलेली रूपं. त्यांना उकळण्यानं फरक पडत नाही. पण एवढा अपवाद सोडला तर कढईतून नुकता काढलेला वाफाळता खवा हा त्याच्या सगळ्या आयुष्यातला सर्वांत स्वच्छ खवा असतो.

पुढची अर्धी वाट तो हातांनी आणि भांड्यांनी चालतो. परातीत उलटतो, थापला जातो, गोळा होतो, फडक्याखाली निवतो, तागडीत चढतो, सुरीनं कापला जातो, डब्यात किंवा पाटीत दाबून भरला जातो. पिंडी खव्यात पाणी जवळपास एक तृतीयांश, गुलाबजामुनसाठी लागणाऱ्या धाप खव्यात त्याहून जास्त. ओलावा, प्रथिनं, साखर आणि ऊब हे सगळं एका ताटात मिळाल्यावर जिवाणूंना आणखी काही नको असतं. फक्त कुणीतरी त्यांना तिथवर पोचवावं लागतं, आणि ते काम पृष्ठभाग करतात.

जिवाणूंचं चित्र आपल्या डोक्यात पाण्यात सुटे तरंगणारे ठिपके असं आहे. निसर्गात ते बहुधा तसे राहत नाहीत. लेवेनहुक या डच कापड व्यापाऱ्यानं स्वतःच्या दातांवरचं किटण भिंगाखाली पाहिलं आणि १६८४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं, की व्हिनेगरनं दात धुतले तर किटणाच्या बाहेरच्या बाजूचे जीव तेवढे मरतात, आतले नाहीत. पृष्ठभागाला चिकटून राहणाऱ्या जिवाणूंच्या थराबद्दलचं, म्हणजे बायोफिल्मबद्दलचं, हे बहुधा पहिलं निरीक्षण, आणि आजच्या प्रत्येक स्वच्छता-पुस्तिकेचा गाभा त्यात आहे. पुढे अडीच शतकं ते तसंच पडून राहिलं. १९४३ मध्ये क्लॉड झोबेल यांनी समुद्राच्या पाण्यातल्या जिवाणूंना बाटलीच्या काचेची ओढ असते हे दाखवलं, आणि १९७८ मध्ये कॅनडाच्या बिल कॉस्टरटन यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'जिवाणू चिकटतात कसे' हा प्रश्न विज्ञानाच्या मध्यभागी आणून ठेवला.

ते चिकटतात ते असे. धुतलेल्या स्टीलवर दूध लागलं की काही मिनिटांतच प्रथिनांचा आणि स्निग्धांशाचा अतिशय पातळ लेप बसतो. जिवाणू या लेपावर टेकतात. सुरुवातीचं टेकणं सैल असतं, साध्या विसळण्यानं ते वाहून जातात. काही तास मिळाले तर मात्र ते आपल्या भोवती एक चिकट द्रव्य सोडतात: लांब साखळीच्या शर्करा, प्रथिनं, मेलेल्या भाऊबंदांचा डीएनए. या चिकट्यात ते रुतून बसतात, वाढतात, एकमेकांना रासायनिक खुणा करून वागणं बदलतात. आतल्या थरातले जिवाणू जवळपास सुस्त पडून असतात आणि सुस्त जिवाणूवर जंतुनाशकाचा जोर चालत नाही. सुट्या जिवाणूंना मारणारी मात्रा अशा थरातल्या जिवाणूंसाठी दहापट ते हजारपट कमी पडू शकते, असं प्रयोगांत वारंवार दिसलं आहे. थर पिकला की त्याचे तुकडे सुटतात आणि पुढच्या मालात उतरतात. त्यामुळे एकाच भट्टीचा खवा आज चांगला, उद्या चांगला, परवा आंबूस, आणि तेरवा पुन्हा चांगला असं होतं. मग दोष हवेला, नाहीतर म्हशीच्या चाऱ्याला दिला जातो.

भट्टीवर सर्वांत जास्त नजर कशावर ठेवायची असं कुणी मला विचारलं, तर कढईवर नाही म्हणेन. कढई रोज आगीवर चढते. नजर ठेवायची ती फडक्यावर. दूध गाळायचं फडकं, खवा झाकायचं फडकं आणि हात पुसायचं फडकं हे कित्येकदा एकच असतं, आणि रात्री ते ओलंच खुंटीला लटकतं. अर्ध्या तासाला एकाचे दोन या हिशोबानं आठ तासांत एका जिवाणूचे ६५,५३६ होतात. बालाघाटच्या मे महिन्यातली रात्र या गतीला काही आडकाठी करत नाही. फडक्यानंतर नंबर लाकडी मुठीच्या खुरपीचा, तिच्या मुठीत आणि पात्यात राहिलेल्या फटीचा. मग बांबूच्या पाटीचा, जिच्या विणीत ब्रश पोचत नाही. मग तागडीच्या पारड्याच्या दुमडलेल्या कडेचा.

दुधाच्या बाजूचा सर्वांत मोठा गुन्हेगार म्हणजे चाळीस लिटरचा ॲल्युमिनियमचा कॅन. त्याच्या मानेच्या आतल्या वळणावर आणि झाकणाच्या रबरात हात जात नाही. कॉस्टिक सोडा वापरावा तर तो ॲल्युमिनियमच खातो, आणि खाल्लेल्या धातूला पडलेली बारीक छिद्रं ही जिवाणूंना आयती घरं. तारेच्या घासणीनंही तेच होतं: चकाकी येते आणि ओरखडेही येतात. अन्नाला लागणाऱ्या स्टीलचा खडबडीतपणा ०.८ मायक्रोमीटरच्या आत असावा, असा उपकरणं बनवणाऱ्यांचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. जिवाणूची लांबीच एक-दोन मायक्रोमीटर असते, तेव्हा या आकड्याचं कारण वेगळं सांगायला नको.

कॅन अस्वच्छ असला तर काय बिघडतं, पुढे उकळणारच आहे ना, असं विचारणारे भेटतात. बिघडतं ते असं की काही जिवाणू मरताना मागे सामान ठेवून जातात. थंड दुधात वाढणारे स्यूडोमोनास प्रथिनं आणि स्निग्धांश तोडणारी विकरं सोडतात. जिवाणू पाश्चरीकरणात मरतो, विकर शाबूत राहतं, आणि दूध कडवट किंवा खवट होतं. हाताच्या जखमेतून येणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस विष सोडतो ते उकळूनही टिकतं. २००० साली जपानमध्ये स्नो ब्रँडच्या दुधानं तेरा हजारांहून अधिक लोक आजारी पडले. सुरुवातीला संशय ओसाकाच्या कारखान्यातल्या नीट न धुतलेल्या व्हॉल्व्हवर होता. माग काढत गेल्यावर मूळ निघालं होक्काइडोतल्या तैकी इथं: मार्चच्या शेवटी तिथल्या कारखान्याची वीज काही तास गेली होती, दूध कोमट अवस्थेत साचून राहिलं, स्टॅफिलोकोकसनं विष तयार केलं, आणि त्या दुधाची पावडर पुढे सगळ्या तापवण्यातून सुखरूप पार पडली. वीज जाणं ही आपल्याकडे बातमी नसते, म्हणून ही हकिकत मराठवाड्यात जास्त काळजीपूर्वक वाचायला हवी.

इथं एक आडवळण घ्यायचा मोह आवरत नाही. ज्या कुंथलगिरीच्या नावानं खव्याला मानांकन मिळालं, ते दिगंबर जैनांचं सिद्धक्षेत्र आहे. कुलभूषण आणि देशभूषण मुनींचं हे निर्वाणस्थान मानलं जातं आणि आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये इथंच सल्लेखना घेतली. दिगंबर परंपरेत पदार्थांच्या मर्यादा ठरलेल्या आहेत, आणि दुधाची मर्यादा अशी की दोहल्यावर दोन घटकांच्या, म्हणजे ४८ मिनिटांच्या आत ते गाळून तापवायचं. त्यामागचा विचार अहिंसेचा आहे, सूक्ष्मजीवशास्त्राचा नाही, आणि तसा तो ओढूनताणून दाखवूही नये. तरी आजचा दुग्धतंत्रज्ञ कॅनच्या मार्गासाठी वेळापत्रक करायला बसला तर तोही धार काढल्यापासून थंड किंवा गरम करण्यापर्यंतचा वेळ तासाच्या आसपासच आणू पाहील.

जिल्ह्यातला दुसरा मोठा अन्नप्रक्रिया उद्योग साखरेचा. ढोकीचा तेरणा, कळंब तालुक्यातल्या रांजणीचा नॅचरल शुगर, नळदुर्गचा तुळजाभवानी ही नावं इथल्या कुणालाही ठाऊक असतात. साखर कारखान्यातली बायोफिल्म डोळ्यांना दिसते, हाताला लागते. गिरणीच्या पन्हळीत, चाळणीखाली, रसाच्या टाकीच्या कोपऱ्यात बेडकाच्या अंड्यांच्या झुबक्यासारखा बुळबुळीत गोळा जमतो. तो ल्यूकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिसचा. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या बीट-साखरेच्या कारखान्यांचे पाइप याच जिवाणूनं तुंबवले होते, आणि १८७८ मध्ये फान टिगेम यांनी त्याला हे नाव दिलं. हा जीव उसातली साखर तोडतो, तिच्यातल्या ग्लुकोजची लांब साखळी म्हणजे डेक्स्ट्रान बनवतो आणि त्यातच राहतो. म्हणजे बायोफिल्मसाठी लागणारा गारा तो थेट विक्रीच्या मालातून काढतो.

नुकसान दुहेरी आहे. गेलेली साखर तर गेलीच. शिवाय डेक्स्ट्राननं रस दाट होतो, गाळणं आणि उकळणं मंदावतं, स्फटिक लांबट होतात. वर आणखी एक गंमत: डेक्स्ट्रान प्रकाशाचं प्रतल साखरेच्याच दिशेनं, पण कितीतरी जास्त फिरवतं, त्यामुळे प्रयोगशाळेतलं साखरेचं मोजमाप, म्हणजे 'पोल', फुगलेलं येतं. कागदावर साखर दिसते, पोत्यात भरत नाही. तोडणी झालेला ऊस उन्हात दोन-तीन दिवस फडात किंवा गाडीत पडला तर हा जिवाणू कारखान्याच्या फाटकात शिरण्याआधीच कामाला लागलेला असतो. हंगामाच्या अखेरीला, मार्चच्या उन्हात, ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कमी झाल्यावर हे हमखास घडतं. त्यावरचा उपाय कारखानदारीला पूर्वीपासून माहीत आहे: ठरावीक तासांनी गिरणी गरम पाण्यानं किंवा वाफेनं धुणं, पन्हळीत कोपरे न ठेवणं, जंतुनाशकाची मात्रा, आणि सर्वांत आधी ऊस ताजा आणणं. इथं स्वच्छतेचा हिशोब थेट उताऱ्यात दिसतो, म्हणून ती होते. खव्याच्या भट्टीवर असा उतारा कुणी काढत नाही.

धुण्याच्या शास्त्रात हेन्केल कंपनीच्या हर्बर्ट सिन्नर यांचं १९५९ चं वर्तुळ अजून वापरलं जातं. वेळ, तापमान, रसायन आणि घासण्याचा जोर असे चार वाटे. एक कमी केला तर दुसरा वाढवावा लागतो. मोठ्या डेअरीत सगळं बंद पाइपांतून चालतं. आधी विसळणी, मग ७०-८० अंशांचं एक-दीड टक्का कॉस्टिक, मग पुन्हा विसळणी, मग दुधाचा दगड, म्हणजे क्षारांचा टणक थर, काढणारं सौम्य नायट्रिक आम्ल, शेवटी निर्जंतुकीकरण, आणि पाइपातून द्रवाचा वेग सेकंदाला दीड मीटर. तो वेगच तिथं घासण्याचं काम करतो. पाइपाला फुटलेल्या बंद तोंडाच्या फाट्यात हा वेग पोचत नाही, आणि थर तिथंच उरतो. पाश्चरायझर न थांबवता आठ-दहा तास चालवला की त्याच्या कोमट भागात उष्णता आवडणारे जिवाणू वस्तीला येतात, ही वेगळी डोकेदुखी. म्हणजे लाखोंची यंत्रणा असली म्हणून प्रश्न सुटतो असं नाही. २०१७-१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पोलोनी या शिजवलेल्या मांसपदार्थातून लिस्टेरिया हा जिवाणू पसरला. १,०६० रुग्ण, २१६ मृत्यू. आणि तोच वाण पोलोक्वाने इथल्या आधुनिक कारखान्याच्या वातावरणात सापडला. पदार्थ शिजलेलाच होता. शिजल्यानंतर तो कशाला तरी लागला.

छोट्या भट्टीवर सिन्नरच्या चार वाट्यांतले दोन फुकट मिळतात, घासणं आणि गरम पाणी. चुकतो तो क्रम. दुधाचं भांडं आधी उकळत्या पाण्यानं धुतलं की प्रथिनं धातूवर शिजून बसतात. पहिलं पाणी कोमट हवं. मग सोडा आणि ब्रश, मग विसळणी, आणि ब्लीचिंगचं पाणी सर्वांत शेवटी. क्लोरीन घाणीवरच खर्ची पडतं, थरापर्यंत पोचतच नाही, म्हणून न घासता ब्लीचिंग टाकणं म्हणजे लेवेनहुकचं व्हिनेगर. शंभर ते दोनशे पीपीएमचं द्रावण पुरतं. ३० टक्के क्लोरीन असलेल्या ताज्या पावडरीचे दहा लिटरला साधारण ७ ग्रॅम. पण पत्र्याच्या खोलीत उघड्या पिशवीत ठेवलेली पावडर उन्हाळ्यात किती ताजी राहते हे वास घेऊनही कळतं. आणि जास्त टाकली तर स्टीललाही खड्डे पडतात.

आता पाणी. या जिल्ह्यात स्वच्छतेवर बोलायचं आणि पाण्यावर बोलायचं नाही हे सभेत चालतं, भट्टीवर चालत नाही. बेसॉल्टच्या खडकातलं विहीर-बोअरचं पाणी जड असतं. त्यातलं कॅल्शियम साबणाला फेस येऊ देत नाही, सोड्याबरोबर पांढरा थर धरतं, आणि तो थर दुधाच्या किटणात मिसळून आणखी घट्ट होतो. बाजारात मिळणारी बरीच अमोनियमवर्गीय जंतुनाशकंही जड पाण्यात ढिली पडतात. आणि धुण्याची गरज सर्वांत जास्त असते त्या एप्रिल-मेमध्येच गावात टँकर सुरू असतो. 'भरपूर पाण्यानं धुवा' हे पुस्तकी वाक्य इथं थट्टेसारखं वाटतं. कमी पाण्यात होण्यासारखं मात्र बरंच आहे. शेवटच्या विसळणीचं पाणी साठवून पुढच्या पहिल्या विसळणीला वापरणं ही मोठ्या डेअऱ्यांची नेहमीची रीत आहे, दोन टाक्यांत ती भट्टीवरही बसते. सुकं खरवडून मग ओलं करणं, हे दुसरं. आणि तिसरं, वाळवणं. बायोफिल्मला पाणी लागतंच. धुऊन घडवंचीवर पालथा घातलेला, उन्हात खडखडीत वाळलेला कॅन आणि धुऊन झाकण लावून ठेवलेला ओला कॅन यांत दुसऱ्या दिवशी जमीन-अस्मानाचा फरक असतो. मराठवाड्याच्या उन्हाला दोष देणारे खूप आहेत. या एका कामापुरतं ते आपल्या बाजूनं आहे.

जुन्या घरांत राखेनं भांडी घासून उन्हात ठेवत. राखेत क्षार असतात, ती खरखरीत असते, वर ऊन. तेव्हा पद्धत मुळात बरोबर होती. पण त्याच भांड्याला शेवटी ज्या डबक्याचं पाणी लागायचं त्याची आठवणही ठेवावी. जुनं ते सोनं म्हणणारे ती ठेवत नाहीत.

नव्या उपायांचा गाजावाजा खूप आहे. चिकटा विरघळवणारी विकरं, पेरॲसेटिक आम्ल, मीठपाण्यातून वीज सोडून केलेलं द्रावण, लवंग-दालचिनीची तेलं. लिस्टेरिया खाणाऱ्या विषाणूंच्या फवारणीला अमेरिकेनं २००६ मध्ये तयार मांसपदार्थांसाठी परवानगी दिली. यातलं पेरॲसेटिक आम्ल मोठ्या डेअऱ्यांना खरोखर कामाचं आहे. बाकीचं भूमच्या भट्टीपर्यंत यायला वेळ आहे, आणि फडकं बदलण्याआधी ते येऊही नये.

तपासणीची साधनंही महागच असायला हवीत असं नाही. धुतलेल्या भांड्यावर पाणी ओतलं आणि ते सलग पसरलं तर ठीक. थेंबाथेंबांनी तुटलं तर स्निग्धांश अजून तिथं आहे. दुधासाठी मिथिलिन ब्लूची कसोटी शंभर वर्षांहून जुनी आहे. निळा रंग टाकून नमुना ३७ अंशांवर ठेवायचा. रंग पाच तास टिकला तर दूध उत्तम, अर्ध्या तासात उडाला तर कॅनमध्ये काहीतरी वस्तीला आहे. उदगीरचं दुग्धतंत्रज्ञान महाविद्यालय आणि परभणीचं अन्नतंत्र महाविद्यालय मराठवाड्यातच आहेत. ही कसोटी शिकवायला त्यांना एक दुपार पुरे.

कायदा म्हणाल तर आहे. २००६ चा अन्न सुरक्षा कायदा, त्याखालचे २०११ चे नियम, त्यातलं स्वच्छतेचं परिशिष्ट ४, त्यात दुधासाठी वेगळा भाग. लहान धंद्याला नुसती नोंदणी पुरते. परिशिष्टातल्या अटी वाचायला चांगल्या आहेत. गुळगुळीत भिंती, उताराची फरशी, वेगळी हात धुण्याची जागा. लाकडाच्या जाळावर पत्र्याच्या शेडमध्ये खवा करणाऱ्याला त्या वाचून पहिला प्रश्न पडतो तो पैशाचा, आणि तो प्रश्न रास्त आहे.

कारण दुधाचा भाव ठरतो तो फॅट आणि एसएनएफवर, म्हणजे स्निग्धांशावर आणि तो सोडून उरलेल्या घन पदार्थांवर. संकलन केंद्रावरच्या यंत्रात हे दोन आकडे येतात आणि पावती निघते. कॅन कसा धुतला, दूध किती वेळात आणलं, निळा रंग किती तास टिकला, याचा रकाना बहुतेक पावत्यांवर नाही. खवा घेणारा व्यापारीही चिकणाई पाहतो, दाणा पाहतो, रंग पाहतो आणि किलोमागे पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. मानांकनामुळे मिळणाऱ्या जादा भावातला काही हिस्सा या रकान्यासाठी ठेवायचा की सगळा डब्यावरच्या चिन्हावर आणि जाहिरातीवर खर्च करायचा, हे उत्पादकांच्या संघटनांना येत्या काही हंगामांत ठरवावं लागेल. त्यातला पहिला खर्च अगदी किरकोळ आहे: शहरातून रिकामे परत येणारे ट्रे आणि डबे आधी सोड्यानं धुवायला एक माणूस, ब्रश, आणि ते पालथे वाळवायला उन्हात एक मांडणी.